पाठ बधिर झाली, तरी आयसीडीची जागा दुखतेच: वॅट्सनंतरच्या नर्व्ह ब्लॉकबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. ५५ वर्षांच्या, ५० किलो वजनाच्या रुग्णाच्या उजव्या फुप्फुसाचा खालचा लोब दुर्बिणीतून, म्हणजे वॅट्स पद्धतीने काढला. भूल दिल्यावर टी५ पातळीला (छातीच्या पाचव्या मणक्याजवळ) नर्व्ह बधिर करणारा इरेक्टर स्पायनी प्लेन ब्लॉक, म्हणजे ईएसपी, दिला होता; औषध ०.२५% ब्युपिव्हॅकेन २० मिली. रुग्ण जागा झाल्यावर पाठीवर बर्फ गार लागत नव्हता. पण आयसीडीच्या, म्हणजे छातीतून बाहेर काढलेल्या ड्रेनच्या नळीच्या, जागी दुखत होतं, खोकता येत नव्हतं आणि त्याच बाजूचा खांदा ठणकत होता. ब्लॉक चुकला का? आणि पुढच्या वेळी ईएसपी, पॅराव्हर्टिब्रल, सेराटस की इंटरकॉस्टल, काय द्यावं?

ब्लॉक बहुतेक बरोबर जागी पडला होता, पण तो या शस्त्रक्रियेला पुरला नाही. वेदना कोणत्या वाटेने येते हे आधी पाहिलं की ते का घडलं ते कळतं, आणि निवडही बरीच सोपी होते.

वेदनेच्या वाटा

छातीच्या पातळीवरची प्रत्येक स्पायनल नर्व्ह कण्याबाहेर पडली की तिला दोन फाटे फुटतात. मागचा फाटा पाठीचे स्नायू आणि त्यांच्यावरची कातडी सांभाळतो. पुढचा फाटा म्हणजे इंटरकॉस्टल नर्व्ह. ती बरगडीच्या खालच्या कडेच्या खोबणीतून पुढे जाते, काखेच्या मधल्या रेषेजवळ कातडीकडे एक फांदी सोडते आणि वाटेतल्या पराएटल प्लुराची (छातीच्या भिंतीला आतून चिकटलेल्या आवरणाची) संवेदनाही वाहून नेते. वॅट्सच्या सगळ्या जखमा या पुढच्या फाट्याच्या हद्दीत असतात. कॅमेऱ्याचा पोर्ट (दुर्बीण घालायचं छिद्र) साधारण सातव्या-आठव्या बरगडीखालच्या फटीत, कामाची मोठी खाच पुढच्या बाजूला चौथ्या किंवा पाचव्या फटीत, आणि युनिपोर्टल (एकाच छिद्रातून) असेल तर सगळंच बहुधा पाचव्या फटीतून. आयसीडी बऱ्याचदा कॅमेऱ्याच्याच पोर्टमधून बाहेर काढतात. म्हणजे टी४ ते टी८ एवढा पट्टा, आणि तोही बाजूला आणि पुढे. पाठीवर बर्फ लावून आपण जो फाटा तपासला, त्याच्या हद्दीत सर्जनने एकही छेद घेतलेला नव्हता.

ईएसपीमध्ये औषध ट्रान्सव्हर्स प्रोसेसच्या (मणक्याच्या बाजूला निघालेल्या हाडाच्या) मागच्या बाजूला, इरेक्टर स्पायनी स्नायूच्या खाली सोडतो. मागचा फाटा तिथूनच जातो, त्यामुळे तो जवळपास हमखास बधिर होतो. पुढच्या फाट्यापर्यंत जायला मात्र औषधाला ट्रान्सव्हर्स प्रोसेसच्या मधल्या ऊतींतून झिरपत पॅराव्हर्टिब्रल जागेत (कण्यालगत, नर्व्ह बाहेर पडते त्या जागेत) उतरावं लागतं. एखाद्या रुग्णात ते भरपूर उतरतं, दुसऱ्यात जेमतेम. मृतदेहांवरच्या आणि एमआरआयच्या अभ्यासांतही हा पसारा रुग्णागणिक बदलताना दिसला आहे. २०१६ मध्ये फोरेरो आणि सहकाऱ्यांनी हा ब्लॉक प्रथम मांडला आणि सोपा, तुलनेने सुरक्षित म्हणून तो फार लवकर रुळला. तो सोपा आहे हे खरं, पण पुढच्या फाट्याबाबत तो बेभरवशाचा आहे हेही तितकंच खरं. २० मिलीऐवजी २५ ते ३० मिली दिल्यास पसारा वाढण्याची शक्यता असते, आणि आयसीडी आठव्या फटीत असेल तर टी५ ऐवजी टी६ निवडणं किंवा तेच औषध टी४ आणि टी७ असं दोन जागी वाटणं शहाणपणाचं ठरतं. शस्त्रक्रियेपूर्वी सर्जनला फक्त एवढं विचारायचं: पोर्ट कुठे घेणार आणि ड्रेन कुठून काढणार? ब्लॉकची पातळी या उत्तरावर ठरते.

खांद्याची गोष्ट निराळी आहे. ती वेदना बहुतांशी फ्रेनिक नर्व्हमधून येते. डायफ्राम, मेडियास्टिनल प्लुरा (छातीच्या मध्यभागाकडचं आवरण) आणि पेरिकार्डियम (हृदयाचं आवरण) यांची संवेदना मानेतल्या सी३ ते सी५ कडे जाते आणि खांद्यात जाणवते. छातीच्या भिंतीतला कोणताही ब्लॉक तिला अडवू शकत नाही, त्यामुळे ब्लॉक उत्तम लागलेला रुग्णही खांदा धरून कण्हतो. पॅरासिटामॉल आणि सूजरोधक गोळी-इंजेक्शनने ती बरीच शमते. सर्जनने शस्त्रक्रियेच्या शेवटी डायफ्रामजवळच्या चरबीत, फ्रेनिक नर्व्हच्या भोवती थोडं औषध सोडलं तर तीव्रता कमी होते. ड्रेनचं टोक वर मेडियास्टिनमला टेकत असेल तर एक्स-रे पाहून सर्जन ते थोडं मागे घेऊ शकतात. मानेतल्या इंटरस्केलीन ब्लॉकचा विचार कुणी करू नये. त्याने त्याच बाजूचा डायफ्राम लुळा पडतो, आणि नुकताच लोब काढलेल्या रुग्णाला ते परवडत नाही.

मग कोणता ब्लॉक

प्रॉस्पेक्ट या शस्त्रक्रियेनिहाय वेदनाशमनावर काम करणाऱ्या गटाच्या वॅट्ससाठीच्या मार्गदर्शक सूचना २०२२ मध्ये आल्या. त्यांत पॅराव्हर्टिब्रल किंवा ईएसपीला पहिली पसंती आहे, सेराटस अँटेरियर प्लेनला दुसरी, आणि थोरॅसिक एपिड्युरलची शिफारस केलेली नाही. छोट्या छेदांच्या शस्त्रक्रियेत एपिड्युरलमुळे दोन्ही बाजूंची सिंपथेटिक साखळी (रक्तवाहिन्यांचा ताण सांभाळणारी नर्व्हची साखळी) बंद होऊन रक्तदाब पडतो, लघवी अडते, रुग्ण लवकर चालता होत नाही. एका बाजूच्या तीन छेदांसाठी हे फार महागात पडतं. छाती उघडावी लागण्याची दाट शक्यता असेल तेव्हाच मी एपिड्युरलचा विचार करीन, आणि तेव्हाही आधी पॅराव्हर्टिब्रल कॅथेटरचा.

पॅराव्हर्टिब्रल आणि ईएसपी यांत कोणता, यावर माझं मत स्पष्ट आहे. लोबेक्टमी, सेगमेंटेक्टमी (लोब किंवा त्याचा भाग काढणं) अशा मोठ्या कामाला, सोनोग्राफीवर प्लुरा नीट दिसत असेल आणि हात बसलेला असेल तर पॅराव्हर्टिब्रल. औषध थेट नर्व्हजवळ पडतं, त्यामुळे पुढचा फाटा चुकत नाही. वेज रिसेक्शन, बुलेक्टमी, प्लुरल बायोप्सी अशा लहान कामाला, किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, किंवा हात नवा असेल तर ईएसपी. चांगला दिलेला ईएसपी अर्धवट दिलेल्या पॅराव्हर्टिब्रलपेक्षा केव्हाही बरा.

सेराटसबद्दल थोडक्यात: ब्लँको यांनी २०१३ मध्ये मांडलेला हा ब्लॉक काखेच्या मधल्या रेषेत, पाचव्या बरगडीच्या पातळीला, सेराटस स्नायूच्या वर किंवा खाली २० ते ३० मिली देऊन करतात. कातडीकडे जाणाऱ्या बाजूच्या फांद्या तो छान पकडतो, प्लुरा मात्र त्याच्या पकडीबाहेर राहतो. रुग्ण कुशीवर वळवता येत नसेल तेव्हा, किंवा शस्त्रक्रियेनंतर पोर्टच्या जागाच दुखत असतील तर तो कामाचा. शस्त्रक्रियेनंतर कातडीखाली हवा शिरलेली असेल तर सोनोग्राफीवर काहीच दिसत नाही, म्हणून द्यायचाच असेल तर छेद घेण्यापूर्वी द्यावा. वरच्या थरात थोरॅकोडॉर्सल धमनी असते; कलर डॉपलर लावून पाहावी.

सोनोग्राफीच नसेल तर? जिल्ह्याच्या ठिकाणी हा प्रश्न अगदी खरा आहे, कारण मशीन असलं तरी ते गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदवलेलं असावं लागतं आणि नोंदवलेल्या जागेबाहेर मनाला येईल तसं नेता येत नाही. अशा वेळी सर्जनच्या कॅमेऱ्याचा उपयोग करा. दुर्बिणीतून बरगड्या, फटी आणि सिंपथेटिक साखळी स्पष्ट दिसतात. सर्जनने लांब सुई पोर्टमधून घेऊन, साखळीपासून दोन-तीन सेंटिमीटर बाहेर, बरगडीच्या खालच्या कडेजवळ प्लुराच्या लगेच खाली टोक ठेवायचं, आधी मागे ओढून रक्त येत नाही ना ते पाहायचं आणि प्रत्येक पातळीला ३ ते ४ मिली सोडायचं. प्लुरा उचलून फिकट, पाण्याने भरलेला फोड दिसतो, तो शेजारच्या फटीकडे पसरतो. तेच बरोबर जागेचं लक्षण. फोड न येता औषध छातीत टपकू लागलं तर सुई आरपार गेली आहे. टी३ ते टी८ अशा सहा पातळ्यांना ०.२५% ब्युपिव्हॅकेन एकूण २० मिली पुरतं. याची कमी बाजू म्हणजे असर काही तासांतच ओसरतो, आणि इंटरकॉस्टल जागेतून औषध रक्तात फार झपाट्याने शोषलं जातं. म्हणून मात्रेचा हिशेब इथे सर्वांत कडक ठेवावा.

ईएसपी देताना

भूल दिल्यावर रुग्ण कुशीवर घेतला की शस्त्रक्रियेची बाजू वर येते. ब्लॉकसाठी तीच सोयीची स्थिती. सुई हातात घेण्यापूर्वी थांबून बाजू पुन्हा मोठ्याने वाचायची, संमतीपत्र आणि सीटी स्कॅनशी जुळवायची. चुकीच्या बाजूचा ब्लॉक होतो तो नेमका इथे, रुग्ण वळवताना.

पातळी मोजताना स्कॅप्युलाचा खालचा कोपरा टी७ जवळ धरतात, पण तो अंदाज आहे. हात वर बांधलेला असला की स्कॅप्युला सरकतो. सोनोग्राफीवर पहिल्या बरगडीपासून खाली किंवा बाराव्या बरगडीपासून वर मोजणं अधिक भरवशाचं. आणखी एक लक्षात ठेवायचं: छातीच्या मधल्या भागात स्पाइनस प्रोसेस (मणक्यांची मागची टोकं) खाली झुकलेले असतात, त्यामुळे टी४ च्या टोकाच्या समोर बाजूला जी ट्रान्सव्हर्स प्रोसेस लागते ती टी५ ची असते.

लिनियर प्रोब मधल्या रेषेपासून ३ सेंटिमीटरवर उभा धरा. फार आत असाल तर लॅमिनाची सपाट, जवळपास सलग रेषा दिसते. फार बाहेर असाल तर बरगड्यांचे गोल माथे आणि त्यांच्यामधून सरकणारा चमकदार प्लुरा. या दोहोंच्या मध्ये रुंद, चौकोनी माथ्याची ट्रान्सव्हर्स प्रोसेस लागते. टी५ ला तिच्यावर तीन स्नायू दिसतात: ट्रॅपिझियस, ऱ्हॉम्बॉइड मेजर आणि इरेक्टर स्पायनी. थोडं खाली गेलं की ऱ्हॉम्बॉइड संपतो, त्यामुळे पातळी पडताळायलाही त्याचा उपयोग होतो.

२२ गेजची, ८० किंवा १०० मिमीची ब्लॉक नीडल इन-प्लेन (प्रोबच्या रेषेत) घेऊन हाड लागेपर्यंत जा. मग १ ते २ मिली सलाइन सोडून पाहा. स्नायूची खालची कड हाडापासून पोळीचा पदर सुटावा तशी सरळ रेषेत सुटत गेली आणि ही काळी फट वर-खाली पसरली तर जागा बरोबर. गोलसर फुगा दिसला तर टोक स्नायूत आहे. सुई पुढे ढकलून पुन्हा हाडाला टेकवा. ऱ्हॉम्बॉइड आणि इरेक्टर यांच्यामध्ये फट उघडली तर तो निराळा थर आहे. नवीन हातांकडून ही चूक फार होते, कारण चित्र तसंच सुंदर दिसतं. पण हाडावरून मांस उचललं जात नसेल तर तो ईएसपी नव्हे. प्रत्येक ५ मिलीनंतर थांबून मागे ओढायचं.

पॅराव्हर्टिब्रल देताना

ही जागा पाचरीच्या आकाराची आहे. पुढे-बाहेर पराएटल प्लुरा, आत मणक्याचा भाग आणि नर्व्ह बाहेर पडण्याचं छिद्र, मागे सुपिरियर कॉस्टोट्रान्सव्हर्स लिगामेंट. प्रोब बरगडीच्या समांतर आडवा ठेवून, बाहेरून आत सुई आणणं अनेकांना सोपं वाटतं, कारण सुईची पूर्ण लांबी दिसते. पण इथे सुईचा रोख कण्याकडे असतो, म्हणून टोक दिसेनासं झालं की थांबायचंच. प्रोब हलवून टोक शोधा, सुई ढकलू नका. उभ्या प्रोबने केल्यास दोन ट्रान्सव्हर्स प्रोसेसच्या मधून जाता येतं, पण कोन तीव्र असल्याने सुई अंधूक दिसते.

बरोबर जागेची खूण एकच: औषध सुरू केलं की प्लुरा खाली दबतो. प्लुरा दबला नाही तर तुम्ही लिगामेंटच्या अलीकडे आहात. एका जागी १५ ते २० मिली दिल्यास साधारण चार-पाच पातळ्या मिळतात, पण त्यातही रुग्णागणिक फरक. टी४ आणि टी७ अशा दोन जागी १० मिली दिल्यास पोर्ट आणि ड्रेन दोन्ही पकडले जाण्याची शक्यता वाढते.

सोनोग्राफीशिवायची जुनी पद्धत अजूनही वापरतात: मधल्या रेषेपासून २.५ सेंटिमीटरवर सुई घालून ट्रान्सव्हर्स प्रोसेसला टेकायचं, मग तिच्या कडेवरून घसरवून १ सेंटिमीटरच पुढे. हाड लागलं नाही म्हणून आणखी खोल जाण्याने प्लुरा फाटतो. आधी हाड शोधा, मगच पुढचा सेंटिमीटर.

कॅथेटर ठेवायचा असेल तर १८ गेजची टुओही नीडल घेऊन तो जागेत २ ते ३ सेंटिमीटरच ठेवा. जास्त सारलेला कॅथेटर इंटरकॉस्टल फटीत किंवा एपिड्युरल जागेकडे भटकतो. ईएसपीच्या थरात ५ सेंटिमीटर चालतं.

यातले धोके माहीत असावेत. न्यूमोथोरॅक्सचं (प्लुराच्या पोकळीत हवा शिरण्याचं) प्रमाण अनुभवी हातात एक टक्क्याच्या खाली राहतं, आणि शस्त्रक्रियेच्या बाजूला तसाही ड्रेन बसणार असतो. पण शस्त्रक्रिया रद्द झाली किंवा चुकीच्या बाजूला सुई गेली तर तो गंभीर ठरतो. रक्तदाब पडतो तो मुख्यतः औषध एपिड्युरल जागेत सरकल्यामुळे. अशा वेळी सलाइनच्या बाटल्या ओतू नका, कारण फुप्फुस काढलेल्या रुग्णात जास्त द्रव फुप्फुसातच साठतो. मेफेंटरमाईन ६ मिग्रॅ किंवा फेनिलेफ्रिन ५० ते १०० मायक्रोग्रॅम थोडं थोडं द्या. डोळ्याची पापणी उतरून बाहुली बारीक झाली तर हॉर्नर सिंड्रोम. तो औषध उतरलं की जातो, पण नर्सिंग स्टाफला आधी सांगून ठेवा, नाहीतर रात्री मेंदूच्या सीटी स्कॅनसाठी धावपळ होते.

रक्त पातळ करणारी औषधं असतील तर पॅराव्हर्टिब्रलला एपिड्युरलचेच नियम लावा: प्रतिबंधक मात्रेतल्या एलएमडब्ल्यूएचनंतर (लो मॉलिक्युलर वेट हेपॅरिन) १२ तास, उपचाराच्या मात्रेनंतर २४ तास, क्लोपिडोग्रेल ५ ते ७ दिवस बंद. कारण तिथे रक्त साचलं तर दाबून थांबवता येत नाही. कॅथेटर काढतानाही हाच हिशेब. ईएसपी आणि सेराटसमध्ये थोडी मोकळीक असते.

मात्रा: फळ्यावर लिहायचा हिशेब

ब्युपिव्हॅकेन २ मिग्रॅ प्रतिकिलो, रोपिव्हॅकेन ३ मिग्रॅ प्रतिकिलो. वॅट्समध्ये माझी मर्यादा याच्या पुढे जात नाही. या रुग्णाला, ५० किलोला, रोपिव्हॅकेन १५० मिग्रॅ. ०.७५% च्या व्हायलमध्ये तेवढंच सलाइन मिसळलं की ०.३७५% होतं. त्याचे २५ मिली म्हणजे जवळपास ९४ मिग्रॅ. सर्जनला पोर्टमध्ये टोचायला उरलेले ५६ मिग्रॅ; ०.२% चे २० मिली दिले तर ४० मिग्रॅ, अजून थोडी जागा शिल्लक. ब्युपिव्हॅकेन वापरलं तर एकूण १०० मिग्रॅ. ०.२५% चे २५ मिली म्हणजे ६२.५ मिग्रॅ, आणि सर्जनला जास्तीत जास्त १५ मिली.

दोन वेगळी औषधं वापरली की दोन वेगळ्या मर्यादा मिळतात हा गैरसमज आहे. विषारीपणा एकमेकांत मिळवला जातो. भूलतज्ज्ञाने ब्लॉक दिला, सर्जनने शेवटी २० मिली ०.५% पोर्टमध्ये टोचलं आणि कुणी कुणाला विचारलं नाही, यातून मात्रा ओलांडली जाते. म्हणून ब्लॉकनंतर उरलेले मिलिग्रॅम फळ्यावर लिहून ठेवावेत. स्पायनलसाठीचं हेवी ब्युपिव्हॅकेन या कामाला घेऊ नये. अँप्युल उघडताना लेबल वाचा.

अॅड्रिनॅलिन घालायचं तर १ मिग्रॅ प्रति मिली अँप्युलमधलं ०.१ मिली, २० मिलीमध्ये; म्हणजे प्रति मिली ५ मायक्रोग्रॅम. सुई रक्तवाहिनीत असेल तर नाडी लगेच वाढून कळतं. डेक्सामेथासोन असर लांबवतं, पण रोपिव्हॅकेनमध्ये मिसळलं की स्फटिक तयार होतात. ते शिरेतून ८ मिग्रॅ द्या. जवळपास तेवढाच फायदा होतो आणि उलट्याही कमी होतात. मधुमेह्यात साखर तपासत राहा.

भूल दिलेल्या रुग्णात विषारीपणाची नेहमीची पूर्वसूचना मिळत नाही. जिभेला मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात आवाज, हे सांगायला तो जागा नसतो. पहिली खूण ईसीजीवर दिसते: क्यूआरएस रुंदावतो, नाडी मंदावते, रक्तदाब खाली येतो. २०% लिपिड इमल्शन ऑपरेशन थिएटरमध्येच हवं. काही ठिकाणी १०% ची बाटली ठेवलेली असते, ती या कामाची नाही, आणि प्रोपोफॉल हा त्याला पर्याय नाही. ५० किलोला १.५ मिली प्रतिकिलोप्रमाणे ७५ मिली दोन-तीन मिनिटांत, मग मिनिटाला १२.५ मिली चालू, एकूण १२ मिली प्रतिकिलोपर्यंत. अॅड्रिनॅलिन द्यावंच लागलं तर १ मायक्रोग्रॅम प्रतिकिलोच्या आत. लिग्नोकेन, बीटा ब्लॉकर, व्हॅसोप्रेसिन टाळा. ब्लॉकनंतर निदान अर्धा तास मॉनिटरवरून नजर हटवू नका.

क्षय आणि एम्पायमा

आपल्याकडे वॅट्सचं एक मोठं कारण म्हणजे क्षयातून झालेला एम्पायमा (छातीत पू साठणं) आणि त्यासाठीचं डीकॉर्टिकेशन (फुप्फुसावरचा जाड थर सोलून काढणं). पाश्चात्त्य सूचना बहुतांशी लोबेक्टमीच्या रुग्णांवरून आल्या आहेत. त्या जशाच्या तशा इथे बसत नाहीत. जाड झालेला प्लुरा सोनोग्राफीवर धूसर दिसतो, पॅराव्हर्टिब्रल जागा आक्रसलेली असते, बरगड्या जवळ आलेल्या असतात, आणि पू भरलेल्या पोकळीला लागून कॅथेटर ठेवणं मला पटत नाही. सर्जनने पराएटल प्लुरा सोलला की पॅराव्हर्टिब्रल किंवा इंटरकॉस्टल औषध सरळ छातीच्या पोकळीत गळून ड्रेनमधून बाहेर जातं. अशा रुग्णाला छेद घेण्यापूर्वी ईएसपी द्या, आणि जमलं तर ईएसपी कॅथेटर ठेवा. हे रुग्ण बारीक असतात, ४० किलोचे. अल्ब्युमिन कमी असतं, म्हणजे मोकळं औषध रक्तात जास्त राहतं. मात्रेला पाव हिस्सा कात्री लावा. लहान मुलांत ०.२% रोपिव्हॅकेन ०.५ मिली प्रतिकिलो एवढं पुरतं.

पहिली रात्र

सकाळी १० वाजता दिलेला एकेरी ब्लॉक साधारण ८ ते १२ तास चालतो. म्हणजे तो ओसरतो तो संध्याकाळी ६ ते १० च्या दरम्यान, वॉर्डात माणसं कमी असतात तेव्हा. रुग्णाला दिवसभर बरं वाटलेलं असतं, कुणी गोळी दिलेली नसते आणि मग वेदना एकदम उसळते. म्हणून ब्लॉक चालू असतानाच पॅरासिटामॉल १ ग्रॅम दर ६ तासांनी घड्याळाप्रमाणे, ५० किलोच्या खाली १५ मिग्रॅ प्रतिकिलो. क्रिएटिनिन बरं असेल, रक्तस्राव नसेल आणि प्लुरोडेसिस (प्लुराचे दोन थर मुद्दाम चिकटवणं) केलेलं नसेल तर केटोरोलॅक १५ मिग्रॅ. प्लुरोडेसिस असेल तर आधी सर्जनला विचारा, कारण सूजरोधक औषधं प्लुरा चिकटण्याच्या आड येऊ शकतात. वृद्धांना प्रीगॅबालिन घालू नका; गुंगी येते आणि खोकला मंदावतो. एवढ्यानेही वेदना उसळली तर जादा मात्रा (रेस्क्यू डोस) म्हणून फेंटॅनिल २० ते २५ मायक्रोग्रॅम किंवा मॉर्फिन १ ते २ मिग्रॅ.

कॅथेटर असेल तर ०.२% रोपिव्हॅकेन: पॅराव्हर्टिब्रलला ताशी ५ मिली, ईएसपीला दर ६ तासांनी १५ मिलीचा बोलस. स्नायूंच्या थरांत संथ धारेपेक्षा एकदम दिलेलं औषध चांगलं पसरतं. नळीवर ठळक लेबल लावा. ही नळी आयव्ही नळीशेजारीच लोंबत असते.

वॉर्डात "दुखतंय का?" असं विचारून भागत नाही. निपचित पडलेला रुग्ण नाही म्हणतो. उशी छातीशी धरून जोरात खोकायला सांगा, तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरवर किती चेंडू उचलतो ते बघा. शस्त्रक्रियेपूर्वी दोन उचलत होता आणि आता एकही नाही, तर ब्लॉक पुरेसा नाही. मग बर्फ घ्या आणि पुढून तपासा: स्तनाग्राची पातळी टी४, छातीच्या मधल्या हाडाचं टोक टी६, बेंबी टी१०. बाजूला काखेच्या मधल्या रेषेतही तपासा. तुमच्या रुग्णात हे केलं असतं तर टी७ ला बर्फ गार लागला असता, आणि त्या रात्रीच ड्रेनच्या बाजूला सेराटस किंवा त्या पातळीला पुन्हा ईएसपी देऊन सोय झाली असती, मात्रेचा आणि मधल्या तासांचा हिशेब ठेवून.

एक गोष्ट मात्र ब्लॉकच्या नावावर कधीही खपवू नका. वेदना अचानक वाढली, सोबत नाडी १२० च्या वर, ऑक्सिजन उतरतोय, ड्रेनमधून ताशी २०० मिली रक्त येतंय किंवा ड्रेनच्या बाटलीतलं पाणी हलेनासं झालंय, तर सर्जनला बोलवा आणि एक्स-रे, ईसीजी करा. रक्तस्राव, अडलेला ड्रेन, फुप्फुसातली गुठळी, हृदयविकार यांची वेदना दुसऱ्या ब्लॉकने झाकली तर रुग्ण हातचा जातो.

ड्रेन काढण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी औषध पोचलेलं असावं. तो क्षण दोन मिनिटांचा असतो, पण बऱ्याच रुग्णांना मुक्कामातली सर्वांत वाईट आठवण म्हणून तोच राहतो.

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाशी बोलताना पाठीतल्या इंजेक्शनबद्दलची भीती निघतेच. "कायमची पाठ धरते," असं शेजारी कुणीतरी सांगितलेलं असतं. ही सुई मज्जारज्जूजवळच्या पोकळीत जायची नाही, ती बाजूच्या स्नायूखाली किंवा नर्व्हजवळ जाईल, बरगडीची एक बाजू काही तास जड आणि बधिर वाटेल, खांदा दुखू शकतो आणि त्यासाठी वेगळं औषध आहे, एवढं सरळ सांगा. घरी जाताना आणखी एक सांगायचं: तीन महिन्यांनंतरही जखमेच्या पट्ट्यात जळजळ, कपडा लागला तरी झिणझिण्या किंवा सुया टोचल्यासारखं वाटलं तर परत या. पोर्टमधल्या नळीने दोन बरगड्यांमध्ये इंटरकॉस्टल नर्व्ह चेपली गेल्याने हे होतं, नेहमीच्या गोळ्यांनी ते जात नाही, आणि त्यावर न्यूरोपॅथिक वेदनेचे उपचार लवकर सुरू केलेले बरे.